सुकडीचा डबा

मुलांना नीट खाऊ घाला, देश श्रीमंत होईल, असं हल्ली टीव्हीवर कुणीतरी सांगत असतं. खरं आहे. पण हे मी पन्नास वर्षांपूर्वीच ऐकलं होतं, शाळेच्या पडवीत उभं राहून. तेव्हा माझी चार वर्षांची मुलगी वजनकाट्याला लटकत होती.

आमचं गाव कामशेतपासून तासाभराच्या चालीवर. बहात्तरच्या दुष्काळानंतर शाळेत सुकडी यायला लागली. गव्हाचं भाजलेलं पीठ, गूळ, थोडं तेल. शाळेतल्या मुलांना आणि अजून शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांनाही. वाटायचं काम मला मिळालं, कारण गावातल्या बायकांत चौथी पास मी एकटीच. मुलांनी इथंच बसून खायचं, असं शाळेच्या भिंतीवर लिहिलं होतं. ते मी पहिल्याच दिवशी वाचलं. अडाणी होतो म्हणून चुकलो, असं गावातले लोक आता म्हणतात. मला ते म्हणता येत नाही.

डोंगरावरच्या ठाकरवाडीतली आदिवासी पोरं यायची, पडवीत ओळीनं बसायची, खायची, बोटं चाटायची आणि जायची. आमची बसायची नाहीत. ठाकरांच्या पंगतीला आमचं मूल बसलं तर पुढं त्याचं लग्न जमायचं नाही म्हणे. शेंबूड पुसता येत नव्हता आमच्या पोरांना, आणि आम्हाला त्यांच्या लग्नाची काळजी! म्हणून त्यांचा वाटा डब्यात भरून घरी जायचा. माझ्या मुलीचाही. मीच भरायची.

घरी सासू तो डबा म्हशीच्या आंबोणात रिकामा करायची. म्हैस नुकतीच व्यालेली. सरकी विकत आणावी लागे, सुकडी फुकट. दूध सकाळच्या गाडीनं कान्हे स्टेशनावरून लोणावळ्याला जायचं, हवा खायला आलेल्या लोकांच्या चहात. मुलीला मिळायचं ते पुरुषमाणसं जेवून उठल्यावर उरलेला भात आणि पाण्यासारखी आमटी. दोनचार घरं सोडली तर गावभर हेच चालायचं. मी बघत होते आणि गप्प होते.

पाऊस उघडल्यावर वडगावहून एक साहेब आणि नर्सबाई आल्या. पडवीच्या वाशाला काटा टांगला, त्याला झोळी. एकेक मूल घालायचं आणि बघायचं. ठाकराची एक पोर माझ्या मुलीच्याच वयाची. तिच्यापेक्षा माझी दोन किलोनं कमी भरली.

"ही कुणाची?" नर्सबाईंनी विचारलं.

"माझी."

"सुकडी तुम्हीच वाटता ना?"

मी मुलीला झोळीतून उतरवायला लागले. त्या ठाकर पोरीची आई तिथंच उभी होती. ती हसली. "वयनी, दूध लोनावळ्याला जातंय, न् पोरीला काय नुसत्या वासावर ठिवलीय?"

बाया फिदीफिदी हसल्या. मला तिच्या तोंडात मारावीशी वाटली, कारण ती खरं बोलली होती.

मग साहेबांनी भाषण केलं. आज मुलाच्या पोटात गेलेला घास उद्या शेतात, कारखान्यात कामाला येतो, देशाला दामदुपटीनं परत मिळतो. माणसाचं बोलणं बरोबर होतं. पण डबे कुठं जातात हे त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. भाषण संपवून चहा प्याला, आमच्याच म्हशीच्या दुधाचा.

संध्याकाळी मी सासूला सांगितलं, "आत्याबाई, उद्यापासून डबा येणार नाही. पोरगी तिथंच खाईल."

"ठाकरांच्या वळीत?"

"व्हय. वजन लय कमी भरलंय तिचं. साहेब म्हणले, आता घातलेलं दामदुपटीनं परत येतं."

"कुणाला येतं? व्याह्याला?" सासू म्हणाली. "पोरगी जायाची दुसऱ्याच्या घरी. म्हस तरी आपल्या दावणीला हाय."

नवरा जेवत होता. तो जेवतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेतलाच नाही. मुलीला हाताला धरून पडवीत बसवलं, त्याच ठाकर पोरीशेजारी. ती पोर सरकली, जागा दिली. मी पानावर सुकडी घातली. माझी मुलगी तिच्याकडे बघत बसली. खाईना.

"खा की."

"न् म्हशीचं?" तिनं विचारलं.

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. तिची काही चूक नव्हती. ती रडत रडत खायला लागली, आणि मग रडायचं विसरली.

दुपारपर्यंत गावातल्या बाया दारात. "पोरीला बाटवलीस. आमच्या पोरांचे डबे गुमान भर, तुझं तू बघ." मी म्हटलं, डबा कुणाचाच भरणार नाही, खायचं असेल त्यानं बसून खावं. त्या मला शिव्या देत गेल्या. सासूनं मला पाण्याच्या हंड्याला शिवू दिलं नाही, मुलीला चुलीपाशी येऊ दिलं नाही. महिनाभर पडवीत गावातली एकटी माझी मुलगी. नंतर आणखी तिघं आली. तिघीही मुलीच. मुलग्यांपुरतं दूध घरी राखलं जायचं, त्यांना गरज नव्हती.

होळीच्या आधी काटा पुन्हा टांगला. माझी मुलगी झोळीत बसली आणि नर्सबाईंनी आकडा दोनदा बघितला. ठाकराच्या पोरीला तिनं गाठलं नव्हतं, पण बरीच जवळ आली होती. उंची मात्र तिची पुढं कधीच भरून निघाली नाही. आजही गर्दीत उभी राहिली की दिसत नाही. ते मी भरलेल्या डब्यांमुळे.

त्या संध्याकाळी सासू धार काढून आली. भांड्यात तळाला दूध.

"किती भरली?" तिनं माझ्याकडे न बघता विचारलं.

मी सांगितलं.

"म्हस आटली," ती म्हणाली.

"आटू दे."

तिनं भांडं आपटलं. मग त्यातलंच वाटीभर दूध काढून चुलीच्या कडेला ठेवलं. कुणासाठी ते बोलली नाही, आणि मुलीला हाकही मारली नाही. हाक मी मारली.