लाली घालवणारे थेंब

लाँड्रीच्या मागच्या खोलीत, वाफेच्या इस्त्रीपासून दोन हातांवर, एका उंच स्टुलावर बसून ती रफू करायची. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक असो की शालीला कसरीने खाल्लेली जागा, ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा ओढून काढायची आणि उभ्याआडव्या धाग्यांत असा काही मिसळून टाकायची की गिऱ्हाईक कोट उजेडात धरून भोक शोधत बसे. सगळे तिला रफूकाकू म्हणत.

नवरा बसमध्ये कंडक्टर होता, आता घरी बसलेला. नोकरी सुटली तरी तोंडातली भाषा सुटली नव्हती. घरात चार पाहुणे जमले की म्हणायचा, "पुढे सरका, पुढे सरका, दारात गर्दी नको." मूलबाळ नव्हतं, दोघांचं घर त्याच्या बडबडीनेच भरलेलं असायचं. मग त्याला खोकला लागला. खोकला काही हटेना, म्हणून मोठ्या दवाखान्यात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी तिला एकटीला बाहेर बोलावलं.

"फुप्फुसं पार निकामी झाली आहेत. त्यांना त्रास कमी व्हावा एवढंच आता आपल्या हातात आहे."

ती आत आली आणि नवऱ्याला म्हणाली, "औषधं नीट घेतली की उतार पडेल म्हणाले."

त्या दिवसापासून ती घरी रडली नाही. लाँड्रीतलं काम संपलं की मागच्या मोरीत नळ सोडायची, मनसोक्त रडून घ्यायची आणि मग घरची वाट धरायची. पण डोळे चुगली करायचे. इस्त्रीवाल्याने ते पाहिलं. भला माणूस. एवढंच म्हणाला, "काकू, माझा भाऊ ट्रक चालवतो. जागरणाने डोळे तांबारले की तो थेंब घालतो. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. पाच मिनिटांत डोळे लख्ख."

आणि खरंच, डोळे लख्ख झाले. लाली घालवणाऱ्या थेंबांची ती इवलीशी बाटली तिला देवासारखी धावून आली. पण थोड्याच दिवसांत लाली लवकर परतू लागली, आणि परतताना आधीपेक्षा गडद होऊन येऊ लागली. मग ती आणखी थेंब घालायची. एक बाटली पर्समध्ये, एक स्टुलाखालच्या फळीवर, एक घरी पिठाच्या डब्यामागे. डोळ्यांत रेती गेल्यासारखं खुपायचं. वाफेने असेल, पंख्याने असेल, असं म्हणून ती सुई चालवत राहिली.

एका रविवारी दुपारी ती त्याला चमच्याने चहा पाजत होती. तो तिच्याकडे टक लावून बघत म्हणाला, "काय गं, लाँड्रीत हल्ली डोळेपण धुऊन मिळतात का?"

"काहीतरीच तुमचं."

"एवढे पांढरे डोळे आपल्या लग्नातसुद्धा नव्हते तुझे." त्याला धाप लागली. ती ओसरेपर्यंत तो थांबला. "अगं, जन्मभर माणसांची तोंडं बघत तिकिटं फाडली मी. बिनतिकीट बसलेला माणूस लांबूनच ओळखायचो. डॉक्टरांनी तुला बाहेर नेलं ना, तेव्हाच समजलो."

तिने चमचा परत कपात टाकला.

"रड की आता इथेच. मी काय दंड करणार आहे तुला?"

तिने चहा खाली ठेवला आणि पलंगाच्या कडेवर डोकं टेकवलं. छाती भरून आली, पण डोळ्यांतून काही येईना. नुसती आग. तो तिच्या केसांतून हात फिरवत वाट बघत राहिला.

"येतच नाही हो," ती म्हणाली.

"राहू दे. सवड होईल तेव्हा रड."

त्याच आठवड्यात तो गेला.

घरात माणसं जमली. थोरली नणंद गावाहून आली ती दारातूनच हंबरडा फोडत. रफूकाकू भिंतीला टेकून बसली होती, कोरड्या, लालभडक डोळ्यांनी समोर बघत. संध्याकाळी स्वयंपाकघरातून नणंदेचा आवाज तिच्या कानावर आला. "माझा भाऊ गेला हो, आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही." तिने ऐकलं. उठून जावं, सांगावं असं वाटलं. पण सांगणार काय?

ती परत कामावर गेली, तेव्हा एका सुईच्या दोन सुया दिसू लागल्या. एका राखाडी कोटाचं रफू असं फसलं की गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, यापेक्षा भोक बरं होतं." त्या आठवड्यात लाँड्रीच्या मालकांनी शाली तिच्याकडे दिल्या नाहीत.

ती नेहमीची बाटली आणायला औषधाच्या दुकानात गेली. काउंटरवर नवी बाई होती. तिने बाटली काढली, पण हातातच धरून ठेवली.

"मावशी, ही कशासाठी घेता?"

"डोळ्यांसाठी."

"ते झालंच. लालीसाठी की कोरडेपणासाठी? रोज घालता?"

"दिवसातून चारपाचदा. खुपतं फार."

बाईने बाटली परत फळीवर ठेवली. "मग ही नको. हिच्याने डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून लाली जाते. असर उतरला की त्या जास्तच फुलतात. रोज वापरायची चीजच नाही ही." मग तिने दुसरे दोन खोके पुढे ठेवले. "खाज नाही ना? मग ॲलर्जीचे थेंब नकोत, त्यांनी आणखी कोरडं पडतं. तुम्हाला हवेत डोळे ओले ठेवणारे. त्यातही, या खोक्यातल्या बाटलीत औषध टिकावं म्हणून एक रसायन घालतात. इतक्यांदा घातलं तर नाजूक डोळ्यांना ते झोंबतं. या छोट्या नळ्यांत ते नाही. एक नळी फोडायची, घालायची, फेकून द्यायची. उरलंसुरलं ठेवायचं नाही."

"याने पाणी येईल डोळ्यांना?"

"हेच पाणी समजा, मावशी. आपल्या आसवांच्या जागी घालायचं." तिने नळ्यांचा खोका पिशवीत घातला. "पण हा वरवरचा उपाय झाला. आग होतेय, दिसायला त्रास होतोय, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवाच."

आसवांच्या जागी. हे दोन शब्द ऐकून ती दुकानाच्या पायरीवर जराशी टेकली आणि मग घरी गेली.

नणंद अजून घरीच होती. रफूकाकू खिडकीशी बसून नळी फोडायला लागली. नळीची सवय नव्हती. अर्धे थेंब डोळ्यात, अर्धे गालांवर. नणंद दारात आली आणि थबकली. मग धावत येऊन तिने वहिनीचं डोकं पोटाशी धरलं.

"रडलीस गं बाई एकदाची! मला वाटलं, तुझा दगडच झालाय."

तसंच राहू दिलं असतं तर चाललं असतं. पण तिच्याने खोटं बोलवेना.

"औषध आहे ते, वन्सं. रडू येतच नाही मला."

आणि मग तिने सगळं सांगितलं: मोरीतला नळ, पिठाच्या डब्यामागची बाटली, तो काय म्हणाला ते. नणंद ऐकत राहिली. मग तिने खोक्यातून एक कोरी नळी काढली.

"मान मागे कर. वर बघ."

थेंब नीट पडले, थंड लागले. पण रफूकाकूच्या हनुवटीवरून जे ओघळत होतं ते नणंदेच्या डोळ्यांतलं पाणी होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पाणी तयार करणाऱ्या ग्रंथीच सुकत चालल्या आहेत. आजार आधीचाच, त्या लालीच्या थेंबांनी भर घातली. नळीतले थेंब आता जन्मभर. आग कमी झाली, नजर बरीच सुधारली, पण बारीक कामापुरती नाही. तिने रफू सोडलं. मालकांनी तिला बटणं लावायला आणि उसवलेले गळे टाचायला ठेवून घेतलं, स्टूल पंख्यापासून दूर सरकवून दिलं.

नणंद मधूनमधून येते. एकदा दोघींनी मिळून त्याचं कपाट आवरायला घेतलं. पहिला सदरा हातात येताच नणंदेला हुंदका आवरेना. रफूकाकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मोकळ्या हाताने बाकीचे सदरे एकेक करून घडीवर घडी ठेवत गेली.