साधनाताईंचा हवेचा घुमट

साधनाताई डबा उभ्यानंच खायच्या. चेंडू हातात आला, की अंगठ्यानं दाबून बघायच्या. गळ्यात शिट्टी असूनही मुलींना नावानंच हाक मारायच्या.

मूर्तिजापूरच्या ज्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या, तिथं उन्हाळा लागला, की खो-खोचा सराव बंद पडे. मुलींना भोवळ येई. म्हणून ताईंनी ठरवलं, कूलरच्या मोठ्या पंख्यांनी गार हवा भरून उभा राहणारा कापडी घुमट बांधायचा. गावातल्या पोरींनाही तो खुला ठेवायचा.

शाळा चालवणाऱ्या संस्थेचे नत्थुजी हसले. "बाई, हवेवर छप्पर राह्यते का कुठी?"

"तुमची फटफटी कशावर पयते, भाऊ? चाकात हवाच हाय ना."

पहिल्यांदा घुमट फुगला आणि तासाभरात बसला. भेगाळलेल्या काळ्या मातीतून दोरांचे खुंट उपटून आले होते.

"झालं का समाधान?" नत्थुजींनी विचारलं.

"नाही झालं," ताई म्हणाल्या. त्यांनी मुरूम लागेपर्यंत खड्डे खणवले, त्यात काँक्रीट ओतवलं. या खेपेला घुमट वावटळीतही टिकला. नत्थुजी आत खुर्ची टाकून बसू लागले.

आतलं खो-खोचं मैदान ताई स्वतः आखत होत्या. एक खांब रोवून झाला. शनिवारी सकाळी, शाळेत निघण्याआधीच, हृदय बंद पडून त्या गेल्या.

दुसरा खांब रोवायचा राहिला आहे.