दातात धरलेला दोरा

नाशिकहून निघताना बायकोने बजावलं होतं, ही जुनी बॅग नेऊ नका. कोल्हापुरात मंगळवार पेठेत पोहोचलो आणि पट्टा तुटला. म्हणून रज्जाकभाईंच्या शिलाईच्या दुकानात शिरलो.

"काय करताय पावणं?" पट्टा शिवता शिवता त्यांनी विचारलं.

"रिटायर झालो. इंग्रजी शिकवायचो."

त्यांचं मशीन थांबलं. "शबाना, भाईर ये की."

शबाना त्यांची लेक. नर्सिंग शिकलेली, लग्न होऊन इंग्लंडला गेलेली, सध्या माहेरी आलेली. इंग्लंडात नर्सच्या नोकरीसाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा होती आणि ती दोनदा नापास झाली होती.

"यंदा न्हाय झालं तर नर्सिंगचा नाद सोडायचा," ती म्हणाली.

मी परीक्षक होऊन तिला तिच्या गावाविषयी बोलायला सांगितलं. इंग्रजी चांगलं होतं तिचं. पण प्रत्येक वाक्यानंतर ती थांबून माझ्या तोंडाकडे बघायची आणि तिचा आवाज बसायचा. तेवढ्यात रज्जाकभाई म्हणाले, "हं." ती लगेच पुढे बोलली. "व्हय," ते म्हणाले. ती आणखी पुढे गेली. इंग्रजीचं अक्षरही न येणारा बाप लेकीला इंग्रजी बोलायला लावत होता.

"हुंकारा द्या की पावणं, नुसतं 'हं' म्हना. भित्तीसंगं कोण बोलंल?"

मी थक्क झालो. जन्मभर मुलांच्या चुका काढल्या, पण आपल्याकडे बोलणं दोघांनी मिळून ओढायचं असतं आणि तिकडचा परीक्षक गप्प बसून ऐकतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

पन्हाळा बघायचा राहिला, रस्सा मात्र रोज त्यांच्याच घरी झाला. तीन दिवस मी दगडासारखा बसून तिचं ऐकलं. रज्जाकभाईंना आत पाठवलं, तर पडद्यामागून "हं" यायचं. शेवटच्या दिवशी ते समोर बसले आणि 'हं' निघू नये म्हणून त्यांनी शिलाईचा दोरा दातात घट्ट धरला. शबाना त्यांच्याकडे बघत न थांबता बोलली. त्यांचे डोळे भरले, पण दोरा सुटला नाही.

महिन्याभराने नाशिकला तिचा फोन आला. "सर, पास झाले. परीक्षा घेनारी बाई कागदावरनं मान वर करंना. अब्बांचा दोरा आठवला आनि बोलत ऱ्हायले."

मी फोन कानाशी धरून तसाच ऐकत राहिलो.

"सर? हाईसा न्हवं?"

"हं," मी म्हणालो.

मग तिने सगळी परीक्षा पहिल्यापासून सांगितली.