गाडीच्या किल्लीचा जुडगा

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको तशी नाही. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे आणि रोज शिरड शहापूरहून पलीकडच्या गावाला आमची अठरा वर्षांची जुनी गाडी घेऊन एकटी जाते. ती निघाली की पोचल्याचा फोन येईपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

त्या शनिवारी ती परतली तेव्हा गाडीच्या बंपरला हळदीची पानं अडकलेली होती.

"वळणावर खड्डा आला अन् गाडीच बंद पडली," चप्पल काढता काढता ती म्हणाली. "स्टिअरिंग फिरंचना. सरळ हळदीत गेले. पुढं हीर व्हती, पंधरा पावलांवर. किल्ली परत फिरवली तर चालू झाली."

विहिरीचं तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि पाय धुवायला गेली. सोमवारी तिला त्याच वळणावरून जायचं होतं. एसटीनं जा म्हणालो, तर म्हणाली, "बाळंतपण एसटीची वाट बघतं का?" गॅरेजवाला म्हणत होता, चार दिवसांनी आणा. म्हणजे माझ्या हातात एक रविवार होता.

मला गाडीतलं थोडंफार येतं. तरुणपणी ट्रॅक्टर खोलून जोडलेले आहेत. पण तेव्हा एखादा नट ढिला राहिला तर नांगरणी अडायची, एवढंच. आता नट आवळताना मला ती विहीर दिसत होती.

रविवारी सकाळी बायकोला स्टिअरिंग डावीकडे उजवीकडे हलवायला सांगून मी गाडीखाली शिरलो. चाकांना वळवणारे दांडे हातानं धरून पाहिले. कुठं खडखड नाही. एक रबर फाटलेलं होतं, ते बदललं. पण फाटक्या रबरानं इंजिन बंद पडत नाही, हे मलाही कळत होतं. मग इंजिन चालू ठेवून एकेक वायर हलवली. बॅटरीच्या वायरी, कॉइलची वायर, फ्यूज. इंजिन आपलं गुरगुरतंय. दोष सापडला असता तर बरं वाटलं असतं. काहीच सापडत नव्हतं आणि सोमवार जवळ येत होता.

"आता उतरू का?" बायकोनं विचारलं आणि पाय बाहेर काढताना तिचा गुडघा किल्लीच्या जुडग्याला लागला. इंजिन गप्प झालं.

"स्टिअरिंग फिरव," मी म्हणालो.

तिनं जरासं फिरवलं. खट्ट वाजलं आणि ते जागीच अडकलं. गाडी अंगणात उभी होती, तरी मी दार घट्ट धरलं. जुडग्याच्या ओझ्यानं किल्ली मागं फिरून निम्मी बाहेर आली होती. बंद गाडीचं स्टिअरिंग अडकवणारा खटका चालत्या गाडीत पडत होता. इतक्या वर्षांच्या लोंबत्या वजनानं किल्लीचा स्विच आतून झिजून गेला होता.

आणि जुडग्यात काय होतं? औंढ्याच्या देवळाबाहेरून घेतलेली पितळी घंटा. काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा. दर्ग्यातला शिशाचा ताईत. एकदा म्हैस आडवी आली तेव्हा घंटा, एकदा टायर फुटलं तेव्हा ताईत. मला भीती वाटली की मी एक वस्तू अडकवायचो. बायकोनं एकही लावली नव्हती.

"हे सगळं मीच लटकवलंय गं," मी म्हणालो. मला तिच्याकडं बघवेना.

"व्हय, माहितंय," ती म्हणाली. "काहून रडून राहिलात? स्विच बदला आधी."

वसमतहून नवीन स्विच आणला. बॅटरीची वायर सोडली, जुन्याचे बोल्ट छिन्नीनं ठोकून काढले, नवा बसवला. मग वीस वेळा किल्ली फिरवली, जोरजोरानं हलवली, अंगणात खड्ड्यावरून गाडी नेली. इंजिन चालूच राहिलं. घंटा, बिब्बा, ताईत खुंटीवर टांगले. आता ही भीती, की सगळं काढलं आणि नेमकं उद्याच काही झालं तर?

सोमवारी ती नुसती किल्ली घेऊन गेली. मी खुंटीसमोर उभा होतो. फोन आला, "पोचले." मी खाली बसलो.

संध्याकाळी तिनं किल्ली माझ्या हातात दिली. किल्लीला काळा दोरा बांधलेला होता. बिब्बा नाही, नुसता दोरा.

"तुमचा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई म्हणून बांधला," ती म्हणाली. "माझ्यासाठी न्हाई."

दोऱ्याला वजन ते काय असणार. तरी ती आत गेल्यावर मी किल्ली तळहातावर ठेवून दोनदा तोलून पाहिली.