पाठीवर कुलकर्णी

थांबा, आधी हे ऐका. फोनवरच टाइप करतीये, चुका होतील, होऊ देत. आत्ता नाही सांगितलं तर परत गप्प बसेन. गप्प बसायची मला लई सवय आहे.

वाकडचं ग्राउंड. बेसबॉलची सेमीफायनल आम्ही नुकतीच जिंकलेली. मी कॅचर. म्हणजे बॅटवाल्याच्या मागं उकिडवं बसायचं, तोंडावर जाळीचा मास्क, येईल तो बॉल धरायचा. मास्क काढला तर घामाने डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात मांडवातून हाक आली.

"ए कुलकर्णी! इकडे ये गं, बस जरा."

आमच्या प्लांटच्या मोठ्या साहेबांची बायको. सगळे त्यांना काकू म्हणतात. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, स्वतःच्या पर्समधली बाटली दिली. जांभळी, स्टीलची. "पी, पी. किती दमलीस गं! चेहरा बघ कसा झालाय." मी तोंड लावून घटाघटा प्यायले. चाकणला आल्यापासून माझ्याशी असं कुणी बोललंच नव्हतं.

"कुठले गं तुम्ही कुलकर्णी?"

"लातूरचे." निघून गेलं तोंडातून.

"अय्या! माझं आजोळ तिकडचंच की!"

मागून कॅप्टन हसले. निखिल सर, डिझाइनमधले इंजिनिअर. वाकून हळूच म्हणाले, "काकू, ही आपली कुलकर्णी नाहीये. डुप्लिकेट आहे. लाइनवरची, कॉन्ट्रॅक्टची पोरगी."

"हो का?" काकूंचं हसू तसंच राहिलं, नुसतं थांबलं. "मग नाव काय तुझं?"

सांगितलं.

"आणि पुढे?"

हे 'पुढे' काय असतं ते ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. आडनाव सांगितलं. काकूंनी मान हलवली. मी बाटली परत द्यायला हात पुढं केला.

"राहू दे. ठेव तुलाच."

आणि खालच्या खोक्यातून स्वतःला प्यायला प्लास्टिकची नवी बाटली काढली. झाकण कटकन मोडलं.

बस. शिवी नाही, धक्का नाही. कुणाला सांगायला जावं तर म्हणतील, अगं बाटली गिफ्ट दिली की! म्हणून सांगितलंच नाही कुणाला. तो आवाज मात्र कानात राहिला. कटकन.

आता पाठीवर 'कुलकर्णी' छापलेला तो टीमचा शर्ट माझ्याकडे कसा आला ते सांगते. आमची कंपनी जपानी. वायरिंगचं काम. साहेब लोकांना बेसबॉलचं वेड, म्हणून आसपासच्या कंपन्यांची मिळून हिवाळ्यात लीग असते. दर रविवारी मॅच. नियम असा, की खेळणारे सगळे पर्मनंट पाहिजेत आणि टीममध्ये एक तरी बाई पाहिजे. आमच्याकडून एचआरच्या कुलकर्णी मॅडमचं नाव गेलं, शर्टही छापून आला. पहिल्याच प्रॅक्टिसला त्यांच्या बोटावर बॉल बसला. परत आल्याच नाहीत. मग सुपरवायझर मला घेऊन गेले. मी शाळेत असताना बेसबॉल खेळायचे. आमच्या सरांनी जुन्या टायरवर बॉल मारून शिकवलेलं.

निखिल सर म्हणाले, "शर्ट घाल. मास्क काढू नको. कुणी विचारलं तर कुलकर्णी." 

मी खूश होते राव! खोटं कशाला बोलू. खेळायला मिळणार म्हणून रात्रभर नाचायची बाकी होते.

आणि मग अख्खा सीझन ग्राउंडवर "कुलकर्णी! कुलकर्णी!" ऐकलं. बेसवर धावणाऱ्याला आऊट केलं की "शाब्बास कुलकर्णी!" कंपनीच्या ग्रुपवर फोटो, खाली अभिनंदन कुलकर्णी मॅडमचं. लिफ्टपाशी भेटल्या तर डोळा मारून म्हणाल्या, "काय मस्त खेळते गं मी!" मी पण हसले. मॅच झाली की टीम हॉटेलात जायची. मला म्हणायचे, "तुला चाकण लांब पडेल ना, निघ तू." मी निघायचे. बसमध्ये शर्टवर जॅकेट घालून बसायचे. आईने फोटो मागितला तर समोरून काढलेला पाठवला, मास्कवाला. आई म्हणाली, "ह्यात तू कुठाय गं?"

काय सांगू?

सेमीफायनलनंतर ती जांभळी बाटली रूमवर खिडकीत पडून होती. त्यातलं पाणी पिऊ वाटेना, टाकून देऊ वाटेना. मग माझी रूममेट शबाना शिफ्टवरून आली. परभणीची, माझ्याच लाइनवर.

"अय, लईच भारी बाटली हाय की! कुणी दिली?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता बाटली नळाखाली भरत होती. मग तोंड लावून अर्धी प्यायली आणि तशीच माझ्यापुढं धरली. "पी."

मी प्यायले. 

"आता बोल," म्हणाली. "त्या बाईनं तुला हाक मारली का शर्टाला?"

मला झोपच लागली नाही.

फायनलला मी शर्ट उलटा घालून गेले. आतली बाजू बाहेर. नाव आतून पाठीला टोचत होतं.

"अगं, उलटा घातलायस," निखिल सर.

"माहितीये."

माझी बॅटिंग आली. अंपायरने पुकारलं, "कुलकर्णी!"

मी उठले नाही. परत पुकारलं.

"कुलकर्णी मॅडम आल्या नाहीत सर," मी म्हणलं. आवाज माझाच होता का काय, एवढा मोठा.

निखिल सर दात आवळून, "नाटकं नको. जा. नोकरी नकोय का?"

अंपायर जवळ आले. "मग तू कोण? नाव काय?"

नाव सांगितलं. आणि 'पुढे' विचारायची वाट नाही बघितली. आडनाव सांगितलं. मांडवापर्यंत ऐकू जाईल असं.

दुसऱ्या टीमने लगेच कागद मागवले. आम्ही बाद. निखिल सरांनी टोपी जमिनीवर आपटली. "अख्ख्या सीझनची वाट लावलीस तू!"

"तुमच्या सीझनमध्ये मी होतेच कुठं, सर?"

कुणी माझ्या बाजूने उभं राहिलं नाही. एकानेही नाही. पिचरसुद्धा नाही, ज्याचा प्रत्येक बॉल मी धरलाय. तो बुटाची लेस बांधत बसला.

मी मांडवात गेले. काकूंच्या पुढं बाटली ठेवली.

"तुमची बाटली. धुतलेली नाहीये."

आणि चालत निघाले.

आज सकाळी गेटवर कार्ड लागलंच नाही. ठेकेदाराचा फोन, "तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला?" शबाना आत गेली, मी बाहेर. रूमवर एकटीच आहे. भीती वाटतीये, हो, वाटतीये. पण दुसरी कंपनी शोधीन. मैदान पण शोधीन. शर्ट मिळाला नाही तर घरच्या कपड्यात खेळीन. दुसऱ्याचं नाव पाठीवर घेऊन एक बॉल धरणार नाही आता. मेले तरी नाही.

तुम्ही सांगा. तुम्हाला कुणी "आणि पुढे?" विचारलंय का? आणि सांगितल्यावर समोरचं माणूस असं थांबलंय का?