बाबांच्या शर्टाची खळ

अकोल्यात बाबा वकिली करतात. त्यांच्या पांढऱ्या शर्टांना आई भाताच्या पेजेची खळ घालते. पेज घरचीच असते आणि शर्ट पुठ्ठ्यासारखे कडक होतात. धुण्याची पावडरही ती चहाच्या चमच्यानंच टाकते. मी मशीनजवळ गेलेलं तिला खपत नाही.

परवा पावडरीसोबत कपडे मऊ करणाऱ्या सॉफ्टनरची बाटली फुकट आली. फुकटची वस्तू वाया जाऊ देईल ती आई कसली? तिनं शर्ट आधी सॉफ्टनरमध्ये बुडवले, मग नेहमीसारखी खळ घातली. मी समजावायला गेलो, तर माझ्याच हातात बादली दिली.

सकाळी कोर्टात निघताना बाबांनी कॉलर चाचपली. “काय वं, याले मऊ केलं का कडक?”

“फुकटात केलं,” आई म्हणाली.