माघ कोरा

आमच्या पावसच्या वाडीतले किस्से म्हणजे आंब्याखालचा पातेरा. झाडून बाजूला केला की सकाळी पुन्हा तेवढाच! आणि यातले निम्मे किस्से शेजारच्या अण्णांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे.

वहिनी तिथी बघून पेरायच्या. जमिनीवर वाढणारं शुद्ध पक्षात, जमिनीखाली वाढणारं वद्य पक्षात. दिवाळीत नवं कॅलेंडर आलं की अख्ख्या वर्षाचं पेन्सिलीनं लिहायला बसायच्या. आम्ही टिंगल करायचो, शिकलो मात्र नाही.

*

माझा धाकटा भाऊ सदू लोट्याला कंपनीत. घरी येणार फक्त रविवारी. तो म्हणायचा, "वहिनी, माझा चंद्र रविवारीच उगवतो!"

एकदा त्यानं शुद्धात मुळा पेरला. पाला हातभर, मुळा उंदराच्या शेपटीएवढा!

वहिनी म्हणाल्या, "आता पालाच खा मेल्या!"

*

एका थंडीत वहिनींच्या पोटात दुखायला लागलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं.

"उद्या द्वादशी. वांगी लावायचीत. परवा बघू."

तो परवा दोन महिन्यांनी उजाडला. अजून आठवलं की मला त्या वांग्यांचा राग येतो.

*

यंदा दिवाळीत त्यांनी कॅलेंडर लिहायला घेतलं, पण पौषापर्यंतच झालं. मार्गशीर्षात त्याच दुखण्यानं त्या गेल्या.

अण्णांनी पौषापर्यंत लिहिलेलं सगळं पेरलं. माघ लागला आणि ते पडवीत बसले ते बसलेच. माठाची भाजी सुकली, वांगी माना टाकायला लागली. कलमांना मोहोर आला, तोही बघेनात. जेवणही सुटत चाललं.

"अण्णा, पाणी तरी घाला!"

"पुढचं लिहिलेलं नाही हो."

*

शेवटी रविवारी सदूनं त्यांना पडवीत बोलण्यात गुंतवलं. मी आत जाऊन पेन्सिलीनं माघ भरून टाकला. शुद्ध दशमीला मुळा, द्वादशीला भेंडी, जे सुचलं ते. अक्षर वहिनींसारखं काढलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा कुदळ घेऊन अंगणात! "अहो, हिनं माघपण लिहिला होता! मला कसा दिसला नाही?"

मी घरात जाऊन रडलो.

शिमग्याला अण्णा दारात आले. माझ्या हातात मुळ्याची जुडी ठेवली. पाला हातभर, मुळे शेपटीएवढे.

म्हणाले, "चैत्र कोराच आहे अजून. मुळा तेवढा वद्यात लिहा!"